पुढे तपकिरी, मागे सगळं रान

माझ्या वहीत डिसेंबरातल्या एका सकाळचं पान आहे. जागा आंबोली, समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवरचं रान. वर अंजनी, जांभूळ, हिरडा. खाली डोक्याइतकी वाढलेली कारवी. पानावर लिहिलंय: 7.40, बुलबुल, फक्त आवाज. 7.55, काही नाही. 8.10, काही नाही. 8.25, दूरवर बार्बेट ओरडतोय. आणि 8.37 पासून अक्षर इतकं घाईचं आहे की माझं मलाच नीट लागत नाही. भृंगराज 2. निखार 6, 7? निळा मोनार्क, नर. मखमली कपाळाची शिलींध्री, खोडावरून उलटी उतरतेय. पिवळ्या भुवईचे बुलबुल. सुभग. हिरवट वटवट्या. छोटा सुतार. अशी तेरा नावं, आणि शेवटी 8.46 ला पुन्हा एकच शब्द: शांत.

सह्याद्रीत पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असं पान असतं. तासभर रान रिकामं वाटतं आणि मग एकाएकी झाडन् झाड हलायला लागतं. दुर्बीण कुठे लावावी कळत नाही. दहा मिनिटांत सगळं ओसरतं. नवख्यांना वाटतं, आज नशीब चांगलं होतं. पण यात नशिबाचा भाग थोडाच. ते पक्षी वेगवेगळे आले आणि योगायोगाने एका झाडावर भेटले, असं झालेलं नसतं. ते एकत्रच फिरत होते. तासभर रान रिकामं वाटलं, कारण तिथले बरेचसे किडेखाऊ पक्षी त्या वेळी दुसरीकडे, त्या एकाच घोळक्यात होते.

या घोळक्याला मिश्र थवा म्हणतात. पक्षीनिरीक्षक आपसात बोलताना ‘हंटिंग पार्टी’ म्हणतात, आणि ते नाव समर्पक आहे, कारण यातले जवळपास सगळे किडे-अळ्यांच्या शिकारीवर निघालेले असतात. मात्र प्रत्येक घोळका म्हणजे मिश्र थवा नव्हे. उंबर पिकला की त्यावर हरोळ्या, बुलबुल, धनेश सगळे जमतात; ती पंगत आहे. फळं संपली की पांगतील. मिश्र थव्याला धरून ठेवणारं असं एक झाड नसतं. तो चालत राहतो आणि चालतानाही एकत्र राहतो. म्हणून अभ्यासक मोजायच्या आधी अट घालतात: दोन किंवा अधिक जातींचे पक्षी, एकमेकांपासून ठरावीक अंतराच्या आत, एकाच दिशेने, निदान काही मिनिटं सोबत सरकलेले दिसले पाहिजेत. ही अट कोरडी वाटते, पण सगळ्या अभ्यासाचा पाया तिच्यावर आहे. ती नसेल तर पंगत आणि दिंडी यांत फरक करता येत नाही.

दिंडी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि थव्यातही तसंच आहे. कारवीच्या उंचीवर बॅबलर, म्हणजे सातभाईंसारखे टोळीने फिरणारे पक्षी. त्यांच्या वर, मधल्या फांद्यांत निळा मोनार्क आणि पंखा पसरून नाचणारे माशीमार. खोडांवर शिलींध्री आणि सुतार. शेंड्याला निखार, सुभग, वटवटे. शिलींध्री सालीच्या फटीत चोच घालते, वटवट्या पानाची खालची बाजू तपासतो, मोनार्क हवेतच किडा टिपतो. एकाच झाडावर दहा जण जेवतात आणि भांडण फारसं होत नाही.

मग प्रश्न येतो, एकत्र फिरायचंच कशाला? शिलींध्रीला साल हवी, वटवट्याला पान हवं, तर ज्याने त्याने आपापलं बघावं.

याची उत्तरं दोन आहेत, पोट आणि जीव.

पोटाचं उत्तर आधी. दहा-वीस पक्षी एका झाडावरून गेले की पानं हलतात, आणि पानाखाली दडलेला पतंग किंवा टोळ उडतो. ज्याने तो उठवला त्याच्या हाती तो लागेलच असं नाही, पण मागे टपून बसलेल्याला नक्की दिसतो. शिवाय कोणती फांदी आत्ताच चाचपून झाली हे सोबत राहिल्याने कळतं, आणि तिथे पुन्हा वेळ घालवावा लागत नाही. दुसऱ्याला अळ्या सापडताना दिसल्या की आपणही तशाच जागी शोधता येतं.

जिवाचं उत्तर जास्त वजनदार आहे. आपण पक्ष्याला खाताना बघतो, पण खाताना त्याला काय दिसत असेल याचा विचार करत नाही. पानाच्या गुंडाळीत डोकं खुपसलेल्या वटवट्याला त्या क्षणी हिरव्या भिंतीशिवाय काहीच दिसत नाही. आणि रानात बेसरा असतो, तुरेवाला शिक्रा असतो. हे आकाशात घिरट्या घालत नाहीत. फांदीआड बसतात आणि अचानक झडप घालतात. म्हणून एकट्या पक्ष्याला दर काही सेकंदांनी मान वर करून इकडेतिकडे बघावं लागतं, आणि जितका वेळ बघण्यात गेला तितका खाण्यातून कमी झाला. थव्यात चाळीस डोळे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बघणं कमी येतं. शिवाय शिक्रा आलाच, तर वीसांत आपणच सापडण्याची शक्यताही कमी.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. हरी श्रीधर, गाय बोशाँ आणि कार्तिक शंकर यांनी 2009 मध्ये जगभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दिसलं की थव्यामागे येणाऱ्या जाती थव्यात असताना जास्त वेगाने खातात आणि मान वर करून कमी बघतात. एकाच जातीचा पक्षी, एकटा असताना आणि थव्यात असताना, वेगळा वागतो. तुम्हीही हे तपासू शकता. एक शिलींध्री निवडा, घड्याळ लावून एक मिनिट बघा, किती वेळा चोच मारली आणि किती वेळा थांबून आजूबाजूला पाहिलं ते मोजा. अशी वीस मिनिटं जमली की आकडे बोलायला लागतात.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. मागे येणाऱ्या जाती म्हटलं, म्हणजे पुढे कोणीतरी असणार. ते कोण?

माझ्या त्या पानावर तेरा नावं आहेत, पण एक नाव मी सर्वांत शेवटी, जवळजवळ उपचार म्हणून लिहिलं होतं: क्वेकर बॅबलर, 8 ते 10. आता त्याला तपकिरी गालांचा फुलवेटा म्हणतात. चिमणीएवढा. पाठ तपकिरी, पोट फिकट, डोकं राखाडी, आणि बस्स. ना तुरा, ना लांब शेपूट, ना रंग. त्याचा फोटो काढायला कोणी थांबत नाही, मीही थांबलो नव्हतो. पण त्या सकाळी थवा यायच्या आधी, 8.35 च्या सुमारास, कारवीतून एक चढत-उतरत जाणारी शीळ आली होती. ती याचीच. निखार दिसण्याच्या दोन मिनिटं आधी.

फुलवेटे आपल्याच जातीच्या पाच-दहा जणांच्या टोळीत राहतात आणि सतत बोलतात. दाट पाल्यात एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून आवाजानेच जोडलेले असतात. त्यांची ही आपसातली बडबड रानातल्या बाकीच्यांसाठी खूण होते. ती टोळी कशीही फिरणारच असते, मग जोडीने राहणारा मोनार्क, एकटा वटवट्या, दोन-चार शिलींध्री तिला येऊन मिळतात. थव्याचा सांगाडा ज्या जातींमुळे उभा राहतो त्यांना अभ्यासक गाभ्याची जात म्हणतात. मार्टिन मॉयनिहान यांनी पनामातल्या थव्यांवर 1962 मध्ये लिहिताना ही कल्पना सविस्तर मांडली. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या अणशीच्या रानात, जे आज काळी व्याघ्र प्रकल्पात येतं, श्रीधर आणि शंकर यांनी थव्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि तिथेही आपल्याच जातीच्या टोळीने राहणारे पक्षी थव्यांसाठी किती महत्त्वाचे आहेत हेच पुढे आलं. आंबोलीचं रान आणि अणशीचं रान एकाच डोंगररांगेतलं आहे, म्हणून हा अभ्यास मला घरचा वाटतो.

याच्याही फार आधीची एक नोंद आहे. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. त्याने लिहून ठेवलंय की कित्येक दिवस रानात फारसे पक्षी दिसत नाहीत आणि मग अचानक शेकड्याने दिसतात. तिथले स्थानिक लोक सांगायचे की एक लहानसा राखाडी पक्षी या सगळ्यांना भुरळ घालतो आणि आपल्यामागे झाडीतून फिरवतो. बेट्सने ही दंतकथा मानली. पक्षी किडे शोधायला एकत्र येतात हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं, पण त्या लोकांचंही चुकलं नव्हतं. ॲमेझॉनच्या थव्यांच्या गाभ्याला खरोखरच एक राखाडी, लहान, लक्षात न येणारा पक्षी असतो, अँटश्राइक नावाचा. पेरू देशातल्या रानात संशोधकांनी हे अँटश्राइक काही थव्यांमधून तात्पुरते बाजूला काढून बघितले; 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. धोक्याची हाक देणारा नाहीसा झाल्यावर बाकीच्या पक्ष्यांनी मोकळ्या जागा सोडल्या, ते दाट झाडोऱ्यात सरकले, काहींनी थवाच सोडला. रान तेच, किडे तेच, शिकारी पक्षी तेच. फक्त सांगणारा गेला होता.

आपल्याकडे हे सांगण्याचं काम मुख्यतः भृंगराज करतो. (भृंगराज म्हणजे इथे माक्याचं रोप नव्हे, शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसांचे गोंडे असलेला काळा पक्षी.) हा कोतवालांच्या कुळातला. आपल्या लोकांनी या कुळाला कोतवाल हे नाव उगाच दिलेलं नाही. शेतातला साधा कोतवाल कावळ्याच्या, घारीच्याही पाठीस लागतो, आणि त्याच्या घरट्याच्या आसऱ्याने दुसरे पक्षी घरटी बांधतात हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं. गावात दवंडी पिटणारा, बातमी पोचवणारा तो कोतवाल. रानातला भृंगराज तेच करतो. मधल्या उंचीवर, जरा मोकळ्या फांदीवर बसतो, खाली मान घालून चाळत बसत नाही, त्यामुळे त्याला शिक्रा इतरांच्या आधी दिसतो. आणि दिसला की गप्प राहणं त्याच्या स्वभावात नाही.

या राखणीचं बलुतंही तो वसूल करतो. फुलवेट्यांनी कारवी झोडपत नेली की जे पतंग, नाकतोडे उडतात ते हवेतल्या हवेत टिपायला हाच पुढे असतो. म्हणजे फुलवेटे किडे उठवतात, भृंगराज पहारा देतो. दोघांची गरज वेगळी आहे, म्हणूनच जोडी जमते. श्रीलंकेत या कोतवालांवर झालेल्या अभ्यासात ते थव्यासोबत असताना त्यांची शिकार जास्त चांगली होते असंच दिसलं.

श्रीलंकेचं नाव निघालंच आहे तर सिंहराजाबद्दल सांगायला हवं. बेटाच्या नैऋत्येला असलेल्या या डोंगरी वर्षावनात सारथ कोटगामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 पासून थव्यांच्या नोंदी ठेवल्या. शेकडो थवे मोजले गेले. सरासरी थव्यात अकरा-बारा जाती आणि चाळीसेक पक्षी. पुढे केशरी चोचीचा बॅबलर, त्याच्यासोबत आपल्या भृंगराजाचा भाऊबंद असलेला तुरेवाला कोतवाल. म्हणजे जाती बदलल्या, पण मांडणी तीच: एक बडबडा टोळीवाला आणि एक पहारेकरी.

या तुऱ्याच्या कोतवालावर एबेन गुडेल आणि कोटगामा यांनी केलेला प्रयोग मला अतिशय आवडतो. हा पक्षी नकला करतो. धोका असेल तेव्हा दुसऱ्या जातींच्या धोक्याच्या हाका काढतो, आणि धोका नसेल तेव्हा थव्यातल्या सोबत्यांची गाणी, साद. संशोधकांनी त्याचं ध्वनिमुद्रण रानात वाजवलं, एकदा नकलांसह आणि एकदा नकला वगळून. नकला असलेल्या आवाजाकडे दुसऱ्या जातींचे पक्षी जास्त आले. म्हणजे नक्कल ही नुसती हौस नसावी. विखुरलेल्यांना गोळा करायचं ते साधन असू शकतं. आंबोलीत पहाटे भृंगराज शिक्र्याचा आवाज काढतो, मग हळद्याचा, मग मधेच मांजरासारखं काहीतरी, आणि आपण हसतो. आता तो आवाज आला की मी वेळ लिहून ठेवतो आणि पुढच्या पंधरा मिनिटांत कोण येतं ते बघतो.

पहारेकरी खोटी दवंडीही पिटू शकतो. आफ्रिकेतल्या कलहारीत दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल मुंगसाच्या कुळातले मीरकॅट आणि बॅबलर यांच्या मागे फिरतो. कोणी मोठा किडा उकरला की हा धोक्याची हाक देतो, समोरचा किडा टाकून पळतो, आणि हा तो उचलतो. त्याच्या रोजच्या अन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा असा येऊ शकतो. एकच हाक वारंवार दिली तर फसणारे शहाणे होतात, म्हणून तो हाक बदलतो, दुसऱ्याच पक्ष्याचा आवाज काढतो. तरीही ते त्याला सोडत नाहीत, कारण त्याच्या बऱ्याच हाका खऱ्या असतात, आणि खऱ्या हाकेकडे एकदा दुर्लक्ष झालं तर दुसरी संधी नसते.

एका गोष्टीने मात्र मला बराच काळ गोंधळात टाकलं होतं. वर मी म्हटलं, प्रत्येकाची जेवायची जागा वेगळी म्हणून भांडण नाही. मग थव्यात सर्वांत पक्की सोबत एकमेकांपासून अगदी वेगळ्या जातींची असायला हवी. श्रीधर आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अनेक देशांतल्या थव्यांच्या नोंदी एकत्र करून तपासलं, तर चित्र उलटं निघालं. ज्या जाती आकाराने आणि सवयीने एकमेकींसारख्या, त्या जास्त सोबत राहतात. विचार केल्यावर पटतं. सारख्या आकाराच्या पक्ष्यांना शत्रूही सारखेच असतात, त्यामुळे शेजाऱ्याची हाक आपल्याही कामाची असते. सारखं खाणाऱ्याकडून खाण्याच्या जागाही शिकता येतात. आणि चालण्याचा वेग जुळतो. मंद फिरणाऱ्याची आणि भरभर फिरणाऱ्याची दिंडी फार वेळ एकत्र राहत नाही. किडे एकमेकांच्या तोंडचे जात असतील, पण मिळणारं त्याहून मोठं असावं.

हे तपासायची रीत समजून घेण्यासारखी आहे. दोन जाती वारंवार सोबत दिसल्या म्हणजे त्यांचं सख्य आहे असं लगेच म्हणता येत नाही. दोन्ही रानात भरपूर असतील तर निव्वळ योगायोगानेही त्या खूपदा एकत्र दिसतील. म्हणून संशोधक नोंदींचे पत्ते पिसतात. जातींची संख्या आणि थव्यांचा आकार तोच ठेवून कोण कोणत्या थव्यात हे संगणकावर हजारो वेळा उलटसुलट करतात. पिसलेल्या पत्त्यांत ती जोडी जितक्यांदा जुळते त्याहून बरीच जास्त वेळा ती खऱ्या रानात दिसली, तरच तिला अर्थ. तुमच्या-माझ्या वह्यांतल्या नोंदीही इथे कामाला येतात, फक्त एका अटीवर: पूर्ण थवा लिहायचा. आवडते पक्षी लिहून तपकिरी सोडून दिले तर पत्ते आधीच फाटलेले असतात.

थव्याचं हे सगळं वर्षभर सारखं नसतं. पेरूतल्या मानूच्या रानात थव्यांची हद्द पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते, आणि प्रत्येक जातीची एक जोडी किंवा कुटुंब कायमचं सभासद असतं. आपल्याकडे नातं सैल आहे. वीण सुरू झाली की जोड्या घरट्याला बांधल्या जातात आणि थवे रोडावतात. हिवाळा हा भराचा काळ, कारण पाहुणेही असतात. हिरवट वटवट्या मध्य आशिया आणि हिमालयाकडून येतो आणि इथे स्वतःची छोटी हद्द धरून बसतो. थवा त्याच्या हद्दीतून जातो तेव्हा तो सामील होतो, बऱ्याचदा हद्द संपली की थांबतो. मग पुढच्या झाडांवर दुसरा वटवट्या थव्यात येतो. आपण लिहितो ‘वटवट्या 1’, आणि वाटतं तोच चाललाय.

थवा बघायचा असेल तर त्याच्यामागे धावू नका. त्याची दिशा ओळखा, पायवाटेने पुढे जा आणि थांबा. तो तुमच्या अंगावरून जाईल. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, याबद्दल मी आग्रही आहे. ज्यांचं जगणंच एकमेकांच्या आवाजावर विसंबलेलं आहे, त्यांच्यात आपण खोटी हाक सोडतो. कलहारीचा कोतवाल निदान बाकीच्या वेळी खरं तरी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दोडामार्गच्या बाजूला एक थवा मिळाला. रान उतारावरून खाली येत होतं आणि जिथे संपलं तिथून रबराची लागवड सुरू होत होती. सरळ रांगा, खाली झाडोरा साफ, जमिनीवर पालापाचोळा. फुलवेटे शीळ घालत काठापर्यंत आले. शेवटच्या कारवीत ते नऊ होते, नीट मोजता आले. दोन भृंगराज, तीन शिलींध्री, मोनार्क, वर निखार. काठावर आल्यावर फुलवेटे थांबले, आणि मग काठाकाठाने डावीकडे वळले. शिलींध्री खोड सोडून त्यांच्यामागे गेली. मोनार्क गेला. निखार काही वेळ वर घुटमळले आणि तेही वळले.

एक भृंगराज मात्र सरळ गेला. रबराच्या तिसऱ्या की चौथ्या रांगेतल्या फांदीवर बसला. एकदा सुताराची नक्कल केली, एकदा स्वतःची शीळ दिली. शेपटीचे गोंडे हलत होते. खाली काहीच हललं नाही. 9.12 ला तो परत फिरला आणि फुलवेट्यांचा आवाज ज्या बाजूने येत होता तिकडे निघून गेला.